मुलांसह लांबचा प्रवास : निघण्यापूर्वी

परीक्षा संपल्या, निकाल लागले आणि उन्हाळ्याची सुटी सुरू झाली, की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे पालक येऊ लागतात. त्यांच्यापैकी आजारी कोणीच नसते. गाडी बाहेर सुरूच ठेवलेली असते, मुले मागच्या काचेतून डोकावत असतात आणि वडील घाईघाईने विचारतात, "डॉक्टर, उद्या पहाटे कोकणात निघालोय. बारक्याला गाडी लागते. एखादी गोळी लिहून देता का?" मी गोळी लिहून देतो, दोन प्रश्न विचारतो; पण उत्तर देण्याइतकी उसंत त्यांना नसते. चार-पाच दिवसांनी यांतलीच काही मंडळी परत येतात. आता मूल आजारी असते. कोणाला जुलाब, कोणाला ताप, कोणाला लघवीची जळजळ. घाईत राहून गेलेले ते बोलणे आज या सदरातून करतो आहे.

आपल्या सोलापूरहून कोकण म्हणजे मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा आणि पुढे रत्नागिरी किंवा गणपतीपुळे. हा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास आहे. रस्ता आता पुष्कळ सुधारला, गाड्याही चांगल्या आल्या. पण तीन वर्षांच्या मुलाचे पोट, कान आणि मान पूर्वी होती तशीच आहे.

माझीच एक चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगतो. मे २०१९ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर आम्ही उभयता कोकणात निघालो होतो. ऊन टाळायचे म्हणून पहाटे तीनला निघायचे ठरले. भाऊ दुकान बंद करून रात्री अकराला घरी आला, सामान बांधण्यात बारा वाजले, म्हणजे त्याची झोप जेमतेम दोन तास झाली होती. गाडी तोच चालवणार होता. मी त्याच्या शेजारी पुढे बसलो. पुतणी तेव्हा तीन वर्षांची होती. "मला काकांकडेच बसायचंय" असा तिने हट्ट धरला आणि मी तिला मांडीवर घेतले. मी पट्टा लावला होता, तिला नव्हता. वहिनी म्हणाल्याही, "भावजी, द्या तिला मागे." मी म्हणालो, "असू द्या, झोपेल इथेच."

मंगळवेढ्याच्या पुढे साडेचारच्या सुमारास भावाचा डोळा लागला. डोळा लागला म्हणजे किती, तर तीन-चार सेकंद. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीच्या झाडाला घासून थांबली. वेग फार नव्हता, म्हणून आम्ही वाचलो. पुतणी माझ्या हातांतून निसटून पुढच्या पत्र्यावर आपटली. मी तिला दोन्ही हातांनी धरले होते. तरीही ती निसटली. तिचे कपाळ फाटले. जवळच्या गावी एका ओळखीच्या डॉक्टरांना उठवून टाके घातले, सहा पडले. टाके घालताना तिचे डोके मी धरले होते. पंचवीस वर्षे लोकांच्या मुलांना टाके घालणाऱ्या माझे हात त्या पहाटे थरथरत होते.

ती पोर आता दहा वर्षांची आहे. कपाळावर केस ओढून घेते, म्हणजे वण दिसत नाही. ती काही बोलत नाही. पण तिचा हात केसांकडे गेला, की मला ती पहाट आठवते. त्या दिवसात आमच्या तीन चुका झाल्या होत्या. त्या तिन्ही अशा, की त्या टाळायला पैसा लागत नाही.

मांडीवरचे मूल सुरक्षित नसते

आईच्या मांडीसारखी सुरक्षित जागा नाही, हे घरात खरे आहे, गाडीत नाही. थोडे गणित पाहू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलो वजनाचे मूल सुमारे १४० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. ते कोणत्याही आईच्या किंवा पैलवान बापाच्या हातांत राहणार नाही. उलट धरणाऱ्याने पट्टा लावलेला नसेल, तर त्याचे सगळे वजन मुलाच्या अंगावर येते आणि मूल मध्ये चिरडते.

पुढच्या जागेवर आणखी एक धोका असतो. नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, असते. ती क्षणार्धात प्रचंड जोराने उघडते. मोठ्या माणसाचे प्राण वाचवणारी ही पिशवी मांडीवरच्या मुलाची मान मोडू शकते. म्हणून लहान मुलाची जागा नेहमी मागे. चालकाने मुलाला मांडीवर घेऊन 'स्टिअरिंग धरू देणे' हा लाड तर पूर्णपणे बंद करावा.

तान्ह्या व लहान मुलांसाठी वेगळी आसने मिळतात. बाळाचे आसन मागच्या सीटवर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल असे बसवतात. साधारण दोन वर्षांपर्यंत किंवा आसनाची मर्यादा असेल तोपर्यंत ते तसेच ठेवावे. कारण बाळाचे डोके जड आणि मान नाजूक असते. पुढे मूल समोर तोंड करून स्वतःच्या आसनात बसते. आणखी मोठे झाले, की उंची वाढवणारे बूस्टर आसन वापरतात. उंची सुमारे १४५ सेंटिमीटर झाली, की मोठ्यांचा पट्टा त्याला नीट बसतो. नीट म्हणजे खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर. आणि वरचा गळ्यावर नव्हे, खांद्यावर. एका पट्ट्यात दोन मुले बांधू नयेत. असे आसन नीट वापरल्यास अपघातात मूल दगावण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, हे जगभर दिसून आले आहे.

"डॉक्टर, सहा जणांच्या गाडीत आम्ही नऊ जण असतो, तिथे आसन कुठे ठेवणार?" हा प्रश्न मला ठाऊक आहे. त्यावर माझे उत्तर कडू आहे. नऊ जणांनी सहा जणांच्या गाडीतून जाऊ नये. दोघांनी एसटीने किंवा रेल्वेने यावे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावता नेल्यास १००० रुपये दंड आहे. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी उत्तम बनावटीची होती. मात्र मागच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींनी पट्टा लावलेला नव्हता. दंडापेक्षा ही आठवण आपल्याला अधिक शहाणे करो.

चालकाची झोप हाच पहिला बंदोबस्त

सामानाची यादी करताना चालकाची झोप त्या यादीत सर्वांत वर लिहावी. आदल्या रात्री किमान सात तास झोप हवी. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. त्यानुसार मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत आणि दुपारी दोन ते चार या वेळांत गुंगी येतेच. चहाने ती थोडा वेळ लांबते, जात नाही. काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनीही फारसा उपयोग होत नाही. झोपेवर झोप हेच औषध. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर गाडी जवळपास ९० मीटर चालकाविना धावते.

दर दोन तासांनी गाडी थांबवून पंधरा मिनिटे पाय मोकळे करावेत. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, रुंद रस्त्यावर हा नियम अधिकच कसोशीने पाळावा. कारण वळण नाही, खड्डा नाही, समोर तेच ते दृश्य, त्याने मेंदू सुस्तावतो. सर्दीच्या, खाजेच्या आणि गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या पुष्कळशा गोळ्यांनी झोप येते. त्या चालकाने घेऊ नयेत. भाड्याची गाडी असेल तर चालक रात्री कोठून आला आणि झोपला का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. त्यालाही जेवण आणि विश्रांती द्यावी. तोही कोणाचा तरी बाप असतो. पहाटे तीनऐवजी सहाला निघालो, तर ऊन थोडे अधिक लागेल. पण उन्हावर इलाज आहे.

गाडी का लागते?

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. गाडी वळते, हलते, ते या इंद्रियाला कळते. मूल मात्र समोरच्या सीटची पाठ किंवा हातातला मोबाईल पाहत असते, डोळे मेंदूला सांगतात, "काही हलत नाही." कान एक सांगतो, डोळे दुसरे सांगतात. या गोंधळातून मळमळ, घाम, जांभया आणि अखेर उलटी होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. दोन वर्षांखालील मुलांना तो क्वचितच होतो. म्हणून इतके लहान मूल वारंवार उलटी करू लागले, तर 'गाडी लागली' म्हणून सोडून न देता दुसरे कारण शोधावे.

उपाय साधे आहेत. मुलाला समोरचा रस्ता, लांबचा डोंगर दिसेल असे बसवावे. घाटात मोबाईल आणि पुस्तक काढून घ्यावे; त्याऐवजी पुढून येणारे लाल ट्रक मोजायला सांगावे. अगदी उपाशी किंवा तुडुंब पोटाने निघू नये. काच थोडी उघडून वारा घ्यावा. गाडीत उग्र अत्तर, उदबत्ती किंवा सिगारेट नको. घाटात वेग कमी, वळण अलगद. लिंबू हुंगल्याने काही मुलांना बरे वाटते, त्यात अपाय नाही. मूल जांभया देऊ लागले आणि चेहरा पांढरा पडला, की सुरक्षित जागा पाहून थांबावे; उलटी होईपर्यंत वाट पाहू नये.

गोळीबद्दल दोन गोष्टी. प्रोमेथाझीन हे औषध असलेली गोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते. ती दोन वर्षांखालील मुलास कदापि देऊ नये. श्वास मंदावून जिवावर बेतू शकते. मोठ्या मुलांनाही वजन पाहून, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावी आणि निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबरच बाहेर पडते. मोठ्यांची गोळी 'अंदाजाने अर्धी' करून देऊ नये. एका वडिलांनी मुलाला घरून एक गोळी दिली होती आणि आजीने नकळत वाटेत दुसरी. ते मूल संध्याकाळपर्यंत हाक मारूनही धड जागे होईना. त्या दिवशी ते घर काय सोसत होते, ते मी पाहिले आहे.

घाट उतरताना कान दडे बसून लहान बाळ एकाएकी रडू लागते. गाडी थांबवून त्याला अंगावर पाजावे. मोठ्या मुलाला पाण्याचे घोट द्यावेत. गिळण्याने कान मोकळा होतो.

खाणे, पिणे आणि लघवी

प्रवासात मुलांचे पोट बिघडते ते बहुतेक वेळा पाण्याने, बर्फाने आणि हातांनी. पाणी घरून उकळून घ्यावे, संपले तर सीलबंद बाटली घ्यावी. रसवंतीचा रस चांगला; पण त्यातला बर्फ कशाचा आहे, ते कोणी सांगू शकत नाही. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेले कलिंगड, उघड्यावरची चटणी टाळावी. केळी, संत्री, दशम्या, गुळपोळी, कोरडी इडली, घरचा लाडू ही उत्तम शिदोरी. खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.

चालत्या गाडीत पाच वर्षांखालील मुलास शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या देऊ नयेत. एका धक्क्याने दाणा श्वासनलिकेत जातो. खायचे ते गाडी थांबवून, बसून. सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातही फक्त आईचे दूध; वरचे पाणी नको. त्याला अधिक वेळा पाजावे आणि पाजताना गाडी उभी असावी.

आपल्याकडे बायका आणि मुली प्रवासात पाणीच पीत नाहीत. कारण वाटेत बरी मुतारी मिळत नाही. हे दुखणे मुलींचे नाही, आपल्या व्यवस्थेचे आहे. पण त्याची शिक्षा मुली भोगतात. पाणी कमी आणि लघवी तुंबवलेली, यातून जळजळ, ताप आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पेट्रोल पंपावर, मोठ्या उपाहारगृहात थांबून दर दोन-तीन तासांनी मुलांना लघवीला न्यावे. 'आता थांबायला वेळ नाही' हे वाक्य वडिलांनी विसरावे. लघवी गडद पिवळी दिसली, की पाणी कमी पडते आहे, असे समजावे.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पहिला उपचार म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य प्राण वाचवले. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात संपूर्ण विरघळवावे. लहान पाकिटांचे माप वेगळे असते, ते वाचावे. अर्धे पाकीट अंदाजाने टाकू नये. केलेले पाणी २४ तासांत संपवावे, उरलेले फेकावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चमचे चहाचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यावे. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्यावा. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर सहल बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

उभ्या गाडीतले मूल

"झोपलंय, उठवू नका, पाच मिनिटांत आलोच," असे म्हणून मुलाला गाडीत ठेवून लोक चहाला जातात. बाहेर ४० अंश असतील, तर बंद गाडीत दहा-वीस मिनिटांत ५० च्या पुढे जातात. काच बोटभर उघडी ठेवल्याने फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कित्येक पटीने लवकर तापते. गाडी सुरू ठेवून बंद काचांत झोपणेही धोक्याचे. इंजिनाचा विषारी वायू आत शिरला, तर त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. मुलाला उष्माघात झाला, अंग भाजू लागले, ते बरळू लागले, तर सावलीत नेऊन कपडे काढावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि तसेच रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

एक छोटी पिशवी

जलसंजीवनीची चार पाकिटे, मुलाच्या वजनाची मात्रा लिहून घेतलेले पॅरासिटामॉल (अॅस्पिरिन मुलांना नको), थर्मामीटर, स्वच्छ कापूस व पट्ट्या, साबण, उलटीसाठी कागदी व प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक जास्तीचा कपड्यांचा जोड, टॉर्च. मुलाला दमा, फिट किंवा मधुमेह असेल, तर नेहमीची औषधे दिवसांच्या हिशेबापेक्षा चार दिवस जास्तीची आणि जुनी चिठ्ठी. ही पिशवी डिकीत सामानाखाली नको, हाताशी हवी.

रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक एका कागदावर लिहून ठेवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हळद, माती, चहापूड काही भरू नये. मान दुखावल्याचा संशय असेल तर मुलाला ओढून उठवू नये.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, इतकी काळजी करायची तर सहलीला जावेच कशाला? जरूर जावे. मुलांनी समुद्र पाहावा, आंबा घाटातले ढग पाहावेत, आजोळच्या अंगणात लोळावे. मुलांच्या आठवणीत तुम्ही किती वाजता पोहोचलात, हे राहत नाही. वाटेत बाबांनी गाडी थांबवून करवंदे घेऊन दिली, हे राहते.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. निघालो सकाळी साडेसहाला, भाऊ रात्री नीट झोपून. पुतणी मागे तिच्या जागेवर बसली. गाडी सुरू होण्यापूर्वी तिने पुढे वाकून विचारले, "काका, पट्टा लावला का?" मी म्हणालो, "लावला गं." तिने तो एकदा ओढून पाहिला, आणि मगच आम्ही निघालो.